पाटावरचं जपानी जहाज

सन दोन हजार पाच. माझं वय एक्याऐंशी. जन्माचा दाखला नाही. खाडीचं पाणी देवळाच्या पायरीला लागलं त्या साली तू झालास असं आई सांगायची, त्यावरून मी वय लावलं आणि पासपोर्टवाल्यांनी ते मान्य केलं. त्या वर्षीच्या आश्विनात मी वेम्बलीच्या घरात एक जपानी लढाऊ जहाज पाटावर मांडलं, त्याला हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. त्याचा बावटा तरी पुसा म्हणून मुलाने सांगितलं. त्यापायी शेजारी तुटायची वेळ आली. मी पुसला नाही. जहाज अजूनही दरसाल मांडतो. ज्याला पटत नाही त्याने पान उलटावं, पुढे फराळाच्या कृती असतील.

मी दुसरी इयत्ता शिकलेला माणूस. मंडळाच्या दिवाळी अंकात लिहायचं माझं काय काम? पण सून शैला मागे लागली. शुद्धलेखन मी बघते म्हणाली. बघ म्हटलं, पण वाक्यं हलवायची नाहीत. फळी जिथे ठोकली तिथेच राहिली पाहिजे.

वेम्बलीत आश्विन येतो तो आधी नाकाला कळतो. ओल्या पानांचा वास, त्यात कोणाच्या तरी चिमणीचा धूर, आणि ईलिंग रोडला वळलं की झेंडू. गुजराती दुकानदार हार बाहेर टांगतात, खाली कारल्याचं खोकं, आत गरब्याचे घागरे. त्या साली नव्या स्टेडियमची कमान नुकती उभी राहिली होती. ढग खाली उतरले की ती अर्धीच दिसायची, पूल बांधता बांधता गवंडी जेवायला गेल्यासारखी. फुटपाथवर चेस्टनटची तपकिरी फळं पडतात. तेल लावून पुसल्यासारखी चकाकतात, पण खायची नसतात. पहिल्या वर्षी मी एक चावलं होतं, म्हणून सांगतो.

आमच्या गावी आश्विन म्हणजे समुद्र निवळण्याचा महिना. पावसाळाभर उलट्या घालून ठेवलेल्या होड्या सुलट्या व्हायच्या. आमचं घराणं होड्यांच्या सुताराचं. सांधे तपासायचे, कापूस आणि राळ भरायची, तळाला तेल पाजायचं. सगळा किनारा माशाच्या तेलाने घमघमायचा. पाहुणे नाकाला पदर लावायचे आणि आम्हाला त्याच वासाने भूक लागायची. मग यायची खंडेनवमी. बाप लाकूड तासण्याचा वाकस, रंधा, पटाश्या, करवत, सगळं धुऊन पुसून पाटावर मांडायचा. एरवी आमच्यावर हात उगारणारा बाप त्या दिवशी करवतीपुढे डोकं टेकायचा. मला मजा वाटायची. आता त्याच्याइतकं, नाही, त्याच्यापेक्षा जास्त वय झालं, आणि माझंही डोकं आपसूक खाली जातं.

बायको गेली आणि मुलाने, प्रकाशने मला इकडे आणलं. तो इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर. मी येताना पेटीत बापाचा वाकस आणि एक रंधा आणला. विमानतळावरच्या साहेबाने वाकस हातात घेऊन विचारलं की हे कशासाठी. मी म्हटलं, पूजेसाठी. त्याने माझ्याकडे पाहिलं, वाकसाकडे पाहिलं, आणि जा म्हणाला. खोटं काही बोललो नव्हतो.

इथली आमची खंडेनवमी मागच्या खोलीत, बागेकडे उघडणाऱ्या दाराजवळ. पाटावर प्रकाशचा स्टेथोस्कोप, शैलाच्या लायब्ररीच्या किल्ल्या, माझी हत्यारं. शैला दरवर्षी हूव्हरही मांडायची, केर ओढायचं यंत्र. म्हणायची, "या घरात सगळ्यात जास्त राबणारा हाच आहे, माझ्यानंतर." आणि या सगळ्यात एक पाहुणी असायची: शेजारच्या रॉनची हेज, म्हणजे झुडपांचं कुंपण, कापायची लांब कात्री.

रॉन बसडेपोत मेकॅनिक होता, रिटायर झालेला. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान. बायको वारलेली. दोन घरांच्या मागच्या बागांमध्ये बुटकं कुंपण, त्यावर दोन कोपरं ठेवून आमची बोलणी चालत. माझं इंग्रजी मूठभर, त्याचं मराठी एका शब्दाचं: अण्णा. इकडे ॲना हे बाईचं नाव, म्हणून तो आपल्या पबात सांगायचा की मी रोज दुपारी ॲनाकडे चहाला असतो. एका वर्षी मागच्या दारातून त्याने पूजा पाहिली. हे काय म्हणून विचारलं. ज्याच्यावर पोट चाललं त्याला आज सुट्टी आणि मान, असं मी सांगितलं. तो घरी गेला आणि कात्री घेऊन आला. तिला कुंकू लावलं, हार घातला. पुढच्या उन्हाळ्यात म्हणाला, धार टिकली रे. तेव्हापासून दर खंडेनवमीला कात्री काखेत मारून तो हजर, आणि नंतर शैलाच्या हातचा शिरा दोन वाट्या.

आता त्याच्या घरात पुण्याचं एक तरुण जोडपं राहतं, दोघंही कॉम्प्युटरवाली. रॉन जाऊन दोन वर्षं झाली. परवा त्यातली मुलगी डबा परत द्यायला आली, मागच्या खोलीत डोकावली आणि म्हणाली, "आजोबा, ते शिप कसलं आहे हो? क्यूट आहे." क्यूट. मी तिला बसवून सांगायला लागलो आणि तिचा फोन वाजला. म्हणून इथे लिहितो. इथे कोणाचा फोन वाजला तरी मी थांबणार नाही.

त्या साली युद्ध संपून साठ वर्षं झाली म्हणून टीव्हीवर उन्हाळाभर युद्धच होतं. छातीवर बिल्ले लावलेले म्हातारे, व्हीलचेअरवरचे म्हातारे, बँड, विमानं. प्रकाश म्हणायचा, अण्णा, तुमचंही हे युद्ध ना. मी बघत बसायचो. सगळ्यांची जहाजं दाखवली. माझं नाही दाखवलं. ऑगस्टात एका घरापुढच्या स्किपमध्ये, म्हणजे भंगाराच्या मोठ्या लोखंडी पेटीत, जुना पलंग पडलेला दिसला. पाइनचा, सरळ रेषांचा. मालकाला विचारून उचलला आणि आमच्या शेडमध्ये नेला. प्रकाशला वाटलं मी बाक करतोय.

ते जहाज करायला सोपं होतं. आमच्या होडीला गोलाई असते, कुशीला हात लावला तर गाईच्या पोटासारखी लागते. या जहाजाला गोलाई नव्हतीच. सपाट पत्रे, कोपऱ्याला कोपरा. घाईत बांधलेलं. सुताराच्या डोळ्यांना ते तेव्हाही खटकलं होतं, मी पाण्यात मरायला टेकलो असतानाही खटकलं होतं. माणसाचा डोळा कुठे सुधारतो?

तेव्हा मी वीस वर्षांचा. त्याआधीच इंग्रजांच्या फौजेत सुतार म्हणून भरती झालो, सिंगापूर पडलं तेव्हा कैदी झालो. पुढे जपान्यांनी आम्हा कैद्यांना एका मालबोटीच्या पोटात कोंबलं आणि कुठल्याशा बेटावर राबायला न्यायला निघाले. वरच्या डेकवर त्यांचे सैनिक, खाली आम्ही. बाजूने एक लहान लढाऊ जहाज चाले, राखणीला. माझं जहाज ते हेच. राखण मालाची, आमची नव्हे. पाणबुडी आली ती दोस्तांची, म्हणजे ज्यांच्यासाठी आम्ही लढलो त्यांची. बोटीत कैदी आहेत हे तिला काय ठाऊक? तिने आम्हाला बुडवलं. हे नीट ध्यानात घ्या, कारण टीव्हीवर सांगत नाहीत. बुडवणारे आमच्या बाजूचे होते.

मी आणि धोंडू एकाच शिडीने वर आलो, एकाच फळीला धरून पाण्यात राहिलो. धोंडू खाडीच्या पलीकडच्या काठचा, गवंडी. गावी असताना आम्ही एकमेकांना ओळखतही नव्हतो. सिंगापुरात त्याने माझ्या बोलण्यावरून मला ओळखलं. पाणी गरम होतं आणि वर तेल. डोळे मिटले तरी जळायचे. मग ते राखणीचं जहाज वळून आलं. भिंत जवळ यावी तसं आलं. बाजूला दोरखंडाची जाळी सोडली. ते आपल्या सैनिकांना काढत होते; तेलाने सगळे सारखे काळे, कोण कोणाचा ते कळत नव्हतं. जाळीवर लटकलेल्या एका खलाशाने माझं मनगट धरलं. माझ्याच वयाचा असेल. दात ओठावर रुतवून त्याने मला ओढलं. मी कोण ते त्याला दिसलं असतं तर ओढलं असतं का? माहीत नाही. डेकवर मी कोण ते कळलं तेव्हा एकाने लाथ घातली. दुसऱ्याने डब्याच्या झाकणातून पाणी दिलं. दोन्ही मला सारखंच आठवतं. मग भोंगा वाजला, जहाज थरथरलं आणि चालू लागलं. धोंडू खालीच होता.

एवढं मी घरी सांगितलेलं होतं. पुढचं नव्हतं.

शैला लायब्ररीत कामाला. मी काय करतोय ते तिला आधी कळलं, कारण निळसर करडा रंग आणायला मी तिलाच पिटाळलं होतं. तिने कॉम्प्युटरवर, जाड पुस्तकांत शोधाशोध केली आणि एका संध्याकाळी भाकऱ्या थापता थापता मला सांगायला लागली.

"अण्णा, या बोटींना नावंच नाहीत हो. नुसते नंबर."

"मलाही नंबरच होता," मी म्हटलं.

ती सांगत गेली. युद्ध हातातून निसटायला लागलं तेव्हा जपान्यांनी ही जहाजं भराभर बांधली. मालबोटींची राखण करायची, पाणबुड्या शोधायच्या, पाण्यात बॉम्ब टाकायचे. कितीतरी बुडाली. जी उरली त्यांच्या तोफा युद्धानंतर उतरवल्या आणि परमुलखात अडकलेली जपानी माणसं घरी आणायला त्यांना जुंपलं. सैनिक, बाया, पोरं. शैलाने एक फोटो दाखवला, जुन्या पुस्तकातला: तोफेच्या जागी माणसं दाटीने बसलेली, एका बाईच्या मांडीवर बोचकं. ज्या डेकवर मला लाथ बसली तसल्याच डेकवर ती बाई घरी चालली होती. मग जिंकणाऱ्या देशांनी उरलेली जहाजं आपसात वाटून घेतली. काही इंग्रजांच्या वाट्याला आली, ती बहुतेक त्यांनी मोडीत काढली.

माझं जहाज त्यातलं कोणतं ते शैलाला सापडलं नाही. नंबर मी पाहिलाच नव्हता. पाहिला असता तरी त्यांची अक्षरं मला कोण वाचून देणार? पण मी ठरवून टाकलं की माझं ते इंग्रजांच्या वाट्याचं. प्रकाश म्हणाला, असं ठरवता येत नाही अण्णा, पुरावा लागतो. मी म्हटलं, माझ्या जन्माला तरी कुठे आहे? तेही जपान्यांसाठी राबून इंग्रजांच्या दारात आलं, मीही आलो. फरक इतकाच की मला अजून कोणी मोडीत काढू शकलेलं नाही.

जहाजाची एक बाजू मी पुरी केली. जाळी, रेलिंग, मागे बॉम्ब सोडायची घसरण. दुसरी बाजू कोरी ठेवली. शैलाने नकाशे आणून दिले होते, सगळं त्यात होतं. पण ती बाजू मी पाहिलेली नव्हती. जे पाहिलं नाही ते मी करणार नाही. मग शेवटी मागच्या काठीला बावटा, लाल सूर्य, चहूकडे किरण. बारीक ब्रशाने रंगवायला दोन दिवस गेले.

खंडेनवमीला हे जहाज पाटावर मांडलं. शैलाने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि हूव्हर थोडा सरकवून जागा करून दिली.

रॉन नेहमीच्या वेळी मागच्या दाराने आला. कात्री पाटावर स्वतःच ठेवली, हिला यंदा दुप्पट कुंकू लाव, सांध्यात कुरकुरतेय म्हणाला. मी लावलं. हार घातला. मग तो गुडघ्यावर हात ठेवून वाकला आणि जहाज बघायला लागला. काम झकास आहे म्हणाला. मेकॅनिक माणूस, त्याला कळायचं. घसरणीवर बोट फिरवलं. आपल्या जहाजांपैकी कोणतं हे, असं विचारता विचारता त्याचं लक्ष बावट्याकडे गेलं.

तो सरळ उभा राहिला. मी सांगितलं, जपानी आहे, याने मला पाण्यातून काढलं. शैला शिऱ्याची वाटी घेऊन आली तर त्याने हाताने नको अशी खूण केली आणि दार लोटून गेला. कुंपणाशी थांबला नाही. कात्री तशीच राहिली, गळ्यात हार, जहाजाला खेटून.

प्रकाश घरी आल्यावर शैलाने त्याला सांगितलं. तो माझ्यापुढे येऊन बसला, पेशंटच्या नातेवाइकांपुढे बसतात तसा. रॉनचा मोठा भाऊ त्या युद्धात जपान्यांचा कैदी होता, परत आला नाही, हे मला माहीत होतं का, असं त्याने विचारलं. भाऊ लढाईत गेला एवढंच मला ठाऊक होतं. कैदी होता हे रॉन कधी बोलला नव्हता. मीही कुठे सगळं बोललो होतो?

"अण्णा, जहाज ठेवा," प्रकाश म्हणाला, "पण ॲट लीस्ट तो फ्लॅग तरी पेंट करून टाका. इतक्या वर्षांचा शेजार आहे. तुमच्या बायपासच्या वेळी रोज तोच तुम्हाला भेटायला यायचा, मी ड्यूटीवर असायचो. तुम्हाला दुसरा मित्र आहे का इथे?"

नव्हता. तेच तर. मला दुसरा मित्र नव्हता. एवढ्या मोठ्या लंडनमध्ये माझ्याशी हवेपलीकडे बोलणारा तो एकच माणूस, आणि तो माझ्या पाटावरून उठून गेला होता. पण बावट्याला मी हात लावणार नाही म्हटलं.

दिवेलागणीला पुढच्या दाराची बेल वाजली. रॉन. इतक्या वर्षांत तो पुढच्या दाराला कधी आला नव्हता. कोट घातलेला, बटणं लावलेली. त्याने कात्री मागितली. त्या वस्तूशेजारी ती राहायला नको, असं म्हणाला.

आता इथे आमची रीत सांगायला हवी. खंडेनवमीला मांडलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत उचलायचं नाही. कोणी मागितलं तरी नाही. बापाच्या वेळी शेजारच्या तांडेलाची होडी नवमीलाच फुटली, त्याने दारात येऊन करवत मागितली, बापाने दिली नाही. दुसऱ्याकडून उसनी आणून दिली. आणि सकाळी उचललं की हत्यार नुसतं खुंटीला लावायचं नाही, त्याला आधी कामाला लावायचं.

मी रॉनला म्हटलं, उद्या सकाळी.

मागून प्रकाश कुजबुजला, "अण्णा, द्या ना. प्लीज." मी दारात तसाच उभा. माझा एक हात या चौकटीला, एक त्या.

रॉन बोलायला लागला तेव्हा हळू बोलत होता, मला समजावं म्हणून की काय कोण जाणे. फ्रँक त्याच्याहून बराच मोठा. त्याला सायकल शिकवली ती फ्रँकने. कैद्यांच्या बोटीवर होता, बोट बुडाली. बरोबरची राखणीची जहाजं आपली माणसं उचलून निघून गेली, असं त्या बोटीवरून जिवंत सुटून आलेल्या एकाने नंतर घरी येऊन सांगितलं. आईने फ्रँकचं अंथरूण कितीतरी वर्षं घातलेलं ठेवलं.

"फ्रँकसाठी कोणी थांबलं नाही," रॉन म्हणाला. "आणि तू त्यांना फुलं वाहतोस."

मग मी ते सांगितलं जे घरी सांगितलं नव्हतं. इंग्रजीत सांगितलं, जेवढं येत होतं तेवढ्यात, आणि मागे माझा मुलगा आणि सून उभी होती. म्हटलं, माझ्यासाठी ते थांबलं. धोंडूसाठी नाही थांबलं. मी डेकवर पडलो होतो, त्यांना पाणबुडीचा सुगावा लागला, आणि त्यांनी मागच्या घसरणीवरून बॉम्बची पिंपं सोडली. पाण्यात माणसं होती. त्यांची स्वतःचीही होती. पाणी आधी पांढरं फुगलं, मग फुटलं. तो आवाज कानाला येत नाही, पोटात येतो. त्यानंतर पाण्यातून कोणी हाक मारली नाही. ज्याने मला ओढलं तो खलाशी रेलिंगला धरून खाली बघत होता. त्याच्या तोंडावर काय होतं ते मला अजून सांगता येत नाही.

शैलाने हुंदका दिला असेल, मी वळून पाहिलं नाही.

"मग का?" रॉन म्हणाला. "मग त्याच्यावर फुलं का घालतोस, बाबा?"

मी म्हटलं, माझ्या बापाचा अंगठा त्याच्याच वाकसाने तोडला. तो वाकस आत पाटावर आहे. बापाने एकही वर्ष त्याची पूजा चुकवली नाही. तुटलेल्या अंगठ्यानेच कुंकू लावायचा. वाकस चांगला म्हणून नव्हे. वाकसाने आमचं घर उभं केलं आणि वाकसाने अंगठा घेतला, दोन्ही खरं म्हणून. मी जहाजाला देव म्हणत नाही. माफही केलेलं नाही. पण बावटा पुसायला सांगू नकोस. बावटा पुसला तर मला कोणी काढलं नाही आणि धोंडूला कोणी मारलं नाही. मग नुसतं पाणी उरतं.

हे सगळं माझ्या इंग्रजीत कसं उतरलं देव जाणे. रॉनने कोटाची कॉलर वर केली, कात्री तूच ठेव आता असं काहीतरी पुटपुटला आणि आपल्या फाटकातून आत गेला. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

जेवायला बसलो. प्रकाश ताटातला भात चिवडत होता. त्याने मला फ्लॅगचं परत काही विचारलं नाही. "धोंडूकाकांच्या घरी कोणाला कळवलं होतं का?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, हो, कैदेतून सुटून गावी आल्यावर पहिलं काम तेच केलं, होडीने पलीकडे जाऊन. पिंपांचं नव्हतं सांगितलं. त्याच्या आईला काय सांगायचं ते. बुडाला म्हटलं. प्रकाशने मान हलवली आणि माझ्या पानात तूप वाढलं, डॉक्टर असून.

मला कोणी हट्टी म्हणतं, म्हणू दे. लोकांना जहाजं दोनच तऱ्हेची लागतात, आपली आणि त्यांची. आपली सगळी शूर, त्यांची सगळी राक्षसी. माझं असं जमत नाही. मला आपल्यांनी बुडवलं आणि त्यांनी काढलं, आणि ज्यांनी काढलं त्यांनीच माझा माणूस मारला. याचा हिशेब मी साठ वर्षं लावून पाहिला, लागत नाही. न लागू दे. पण लागत नाही म्हणून मी त्यातला अर्धा भाग खोडणार नाही. नोव्हेंबरात इथे युद्धात गेलेल्यांच्या आठवणीला सगळे कोटाला लाल फूल लावतात, मीही लावतो, पैसे टाकून विकत घेऊन लावतो. ते फूल लावताना मला कोणी विचारत नाही की तुझ्या मनात कोण आहे. माझ्या मनात धोंडू असतो. आणि दात ओठावर रुतवलेला तो पोरगा असतो. दोघंही. ज्याला चालत नाही त्याने माझ्या कोटावरचं फूल काढून दाखवावं.

त्या रात्री मात्र मन खट्टू होतं. मित्र गेला असंच मी धरून चाललो होतो. आणि गेला तरी बावटा राहणार होता, हेही धरून चाललो होतो. दोन्ही एकाच उशीवर घेऊन झोपलो.

दसऱ्याच्या सकाळी अंघोळ करून पाटापुढे बसलो, नमस्कार केला. आधी वाकस उचलला, दाराच्या फळीचा एक टवका काढला आणि ठेवला. मग रॉनची कात्री उचलली. हार काढला, कुंकू राहू दिलं. ती मालकाच्या हातून कामाला लागायला हवी होती, पण मालक रागावला होता, आणि रागाची अडचण हत्याराला सांगून चालत नाही. स्वेटर चढवला, टोपी घातली, पुढच्या दाराने बाहेर पडलो आणि रॉनच्या घरापुढची हेज कापायला घेतली, रस्त्यावरून, उघड्यावर, जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसेल अशी. हेज माजली होती. हात भरून यायचे, थांबायचो, परत कापायचो. प्रकाश हॉस्पिटलला निघाला तो गाडीची काच खाली करून बघून गेला. अर्ध्यावर आलो तेव्हा रॉनचं दार उघडलं. तो पायजम्यावर कोट घालून बाहेर आला, पायरीवर उभा राहून बघत राहिला. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

"वरून जास्त घेतोयस, अण्णा," तो म्हणाला.

मी घेत होतो तेवढंच घेत राहिलो.